तथ्यशोधनाकडून शासनसंपर्काकडे वळावे का? मानवी हक्कांच्या क्षेत्रातील जाणकारांना विचारणा

आडवाट

नमस्कार. कायद्याची पदवी घेतल्यापासून गेली पाच वर्षे मी मानवी हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेत तथ्यशोधन करते. कोठडीत झालेला छळ, बेपत्ता झालेली माणसे अशा प्रकरणांत कुटुंबीयांचे आणि साक्षीदारांचे जबाब घेणे, कागदपत्रे ताडून पाहणे आणि त्यावरून अहवाल लिहिणे, हे माझे काम. आता संस्थेने मला 'जनवकिली व शासनसंपर्क' (म्हणजे मागण्या घेऊन सरकारकडे पाठपुरावा करणे) असे नाव असलेल्या पदावर येण्याविषयी विचारले आहे आणि महिनाभरात उत्तर द्यायचे आहे.

माझी द्विधा मनःस्थिती समजावी म्हणून एक प्रसंग सांगते. गेल्या वर्षी तेरा महिने खपून आम्ही १४० पानांचा एक अहवाल तयार केला आणि तो घेऊन एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. त्यांनी तो हातात घेतला, मलपृष्ठ पाहिले, टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारले, "तुम्हाला माझ्याकडून नेमके काय हवे आहे?" माझे सहकारी म्हणाले, "न्याय." अकराव्या मिनिटाला आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. त्या दिवशी मला त्या अधिकाऱ्यांचा राग आला होता, आज तितकासा येत नाही, आणि हे चांगले लक्षण आहे की वाईट, तेच कळत नाही.

या कामात दिवसभर प्रत्यक्ष काय करावे लागते, ज्यांच्याविरुद्ध आपण लिहितो त्यांच्याच समोर बसून बोलत राहिल्याने माणूस बदलतो का, त्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागते का आणि पुढे कोणत्या वाटा उघडतात, यावर अनुभवी सभासदांनी लिहावे, ही विनंती.

मसुदाकार

मी हे काम चौदा वर्षे करतो आहे, त्यातली सात वर्षे जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या आसपास गेली. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. 'न्याय' हे उत्तर चुकीचे नव्हते, पण त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातात ती गोष्ट नव्हती. त्याच्या हातात एखादे परिपत्रक असते, एखादी फाइल वर पाठवणे किंवा अडवणे असते, विशेष प्रतिवेदकाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाला, देशभेटीचे निमंत्रण द्यावे असा शेरा असतो, छळविरोधी कराराला जोडलेल्या ज्या ऐच्छिक पूरक कराराने कोठड्यांना स्वतंत्र भेटींची व्यवस्था केली त्या २००२ च्या पूरक करारावर सही करावी अशी शिफारस असते. यांतले काय, कोणाकडून आणि कोणत्या आठवड्यात मागायचे, हे ठरवण्यातच शासनसंपर्काचा तीन चतुर्थांश वेळ जातो. प्रत्यक्ष भेट हा त्यातला सर्वांत छोटा भाग.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांचा मानवी हक्कांबाबतचा आढावा साधारण साडेचार वर्षांच्या फेऱ्यांत घेतला जातो. २००८ पासून ही पद्धत चालू आहे आणि आम्ही तिला 'यूपीआर' म्हणतो. एका देशाच्या वाट्याला साडेतीन तास येतात. सरकार स्वतःचा अहवाल देते, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांकडील माहितीचे संकलन होते आणि बाहेरच्या संस्थांच्या निवेदनांचा दहा पानांत सारांश केला जातो. त्या दहा पानांत आपले एखादे वाक्य यावे म्हणून एकट्या संस्थेला २,८१५ शब्दांची आणि एकत्रित निवेदनाला ५,६३० शब्दांची मर्यादा असते. तुमच्या १४० पानांचे २,८१५ शब्द करून पाहा, म्हणजे हे काम तुम्हाला मानवते की नाही ते घरबसल्या समजेल. शिवाय निवेदन आढाव्याच्या कित्येक महिने आधी जावे लागते, त्यामुळे अहवाल उत्तम पण मुदत उलटलेली, ही आमच्या क्षेत्रातली नेहमीची रड आहे.

निवेदन गेले की खरी पायपीट सुरू होते. आढाव्याच्या वेळी इतर देश शिफारशी करतात आणि प्रत्येकाला बोलायला जेमतेम मिनिट-दोन मिनिटे मिळतात. म्हणून आपण एकेका दूतावासात जाऊन, त्या देशाला ज्या विषयात रस आहे त्याच विषयावरची एक-दोन ओळींची तयार शिफारस हाती ठेवायची. बालहक्कांवर नेहमी बोलणाऱ्या देशाला कोठडीतील अल्पवयीन मुलांचा मुद्दा द्यायचा, कायद्याच्या सुधारणेवर बोलणाऱ्याला अटकेच्या नोंदीचा. आढावा झालेल्या देशाला शिफारस मान्य करता येते किंवा तिची नुसती 'नोंद घेता' येते. 'नाकारली' हा शब्द तिथे नसतो आणि 'नोंद घेतली' याचा व्यवहारातला अर्थ काय, हे सर्वांना ठाऊक असते.

ठरावाच्या मसुद्यावरची बोलणी तर निव्वळ क्रियापदांची असतात. पडद्यावर मजकूर लावलेला असतो, एकेक परिच्छेद पुढे सरकतो आणि 'निषेध करते' याचे 'तीव्र चिंता व्यक्त करते' होते, तिथून 'चिंतेने दखल घेते' होते, आणि बोलणी लांबली तर 'दखल घेते' एवढेच उरते. नवख्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. मात्र मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारे इंग्रजी शब्द जाऊन 'सर्व मानव' असा अर्थ देणारे शब्द आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी मसुद्याच्या टप्प्यावर आग्रह धरला म्हणून, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा त्याच शब्दांनिशी संमत झाला.

शिक्षणाविषयी इतर सभासद लिहितीलच. माझे मत एवढेच की पाच वर्षे जबाब घेतलेला माणूस या कामात आला तर त्याला समोरच्याची टाळाटाळ लवकर ओळखू येते. केवळ धोरणशास्त्र शिकून आलेल्यांना ती उशिरा कळते.

निवृत्त टिपणीकार

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. सरकारी सेवेतील बराच काळ आंतरराष्ट्रीय करारांखालील अहवाल तयार करणाऱ्या कक्षात गेला, त्यामुळे तुमच्यासारखी शिष्टमंडळे मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिली गोष्ट अशी की 'सरकार' नावाचा कोणी एक माणूस नसतो. गृह खात्याला जो मजकूर नको असतो तोच परराष्ट्र खात्याला हवा असतो, कारण पुढच्या महिन्यात एखाद्या करारसमितीसमोर, म्हणजे कराराचे पालन तपासणाऱ्या समितीसमोर, उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर येणार असते, आणि विधी खात्याला बहुधा दोघांच्याही भाषेवर हरकत असते. बाहेरून येणारे लोक या सगळ्यांना एकच भिंत समजून डोके आपटतात. फट कुठे आहे ते पाहून आत येणारे फार थोडे.

अशा थोड्यांपैकी एक बाई मला आठवतात. त्या दरवेळी एकच कागद आणत. वरच्या भागात अस्तित्वात असलेल्या कायद्याचे कलम, मधे आमच्याच सरकारने चार वर्षांपूर्वी करारसमितीपुढे दिलेले आश्वासन परिच्छेद क्रमांकासह, आणि खाली दोन वाक्यांत मागणी. ती वाक्ये अशा भाषेत असत की मी ती थेट टिपणीत उतरवू शकत असे, आणि खरे सांगायचे तर उतरवलीही. वरिष्ठांची त्यावर सही झाली तेव्हा ते वाक्य बाहेरून आले आहे, हे कोणाच्या लक्षातही आले नसेल. त्या बाईंनीही त्याची कधी वाच्यता केली नाही. श्रेयाची हाव असलेल्या माणसाने या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट, एका संस्थेच्या अहवालात एका तुरुंगाचा जिल्हा चुकला होता. एवढ्याशा चुकीवर आमच्या वरिष्ठांनी 'अहवाल अविश्वसनीय' असा शेरा मारला आणि त्यातल्या अठ्ठावीस जबाबांकडे नंतर कोणी पाहिले नाही. तो शेरा अन्यायकारक होता, हे मला तेव्हाही कळत होते, पण टेबलाच्या या बाजूला बसलेल्याला नकार द्यायला निमित्त हवे असते आणि ते आयते मिळाले. म्हणून अहवाल प्रसिद्ध करण्याआधी त्यातल्या वस्तुस्थितीचा भाग तपासण्यासाठी संबंधित खात्याला पाठवावा आणि उत्तरासाठी मुदत द्यावी. उत्तर आले नाही, तर तेही अहवालात छापता येते.

आणखी एक कबुली देतो. आम्ही बोलावलेल्या कित्येक 'सल्लामसलती' केवळ पुढच्या अहवालात 'नागरी संस्थांशी चर्चा करण्यात आली' हे वाक्य लिहिता यावे म्हणूनच होत्या. बैठकीचे छायाचित्र काढण्याची घाई आणि इतिवृत्त देण्याची टाळाटाळ दिसली, की काय समजायचे ते समजावे.

तिसरा बाक

वरचे दोन्ही प्रतिसाद प्रामाणिक आहेत, परंतु ते दाराच्या आत शिरण्याविषयी आहेत. आत शिरल्यावर काय होते, ते मी लिहितो, कारण सहा वर्षांनी मी हे काम सोडले.

बेपत्ता झालेल्या एका तरुणाच्या प्रकरणात आमच्या संस्थेची उच्च पातळीवर बोलणी चालू होती. अधिवेशन संपेपर्यंत जाहीर निवेदन काढू नका, त्यानंतर आम्ही चौकशीची घोषणा करू, असे आम्हाला सुचवण्यात आले. आमच्या कार्यालयाने ते मान्य केले. बोलणी करणाऱ्यांत मीही होतो. त्या तरुणाच्या आईला कोणी विचारले नाही. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला आणि तिने एवढेच विचारले, "तुम्ही बोलायचे थांबलात का?" तिला ते एका वार्ताहराकडून कळले होते. चौकशीची घोषणा झाली नाही, ही नंतरची गोष्ट. झाली असती तरीही तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यामुळे 'माणूस बदलतो का' या प्रश्नाला माझे उत्तर 'हो' असे आहे. कोणी लाच देत नाही की धमकावत नाही. दार उघडे राहावे म्हणून आज एक विशेषण गाळले जाते, उद्या एक परिच्छेद, आणि काही दिवसांनी आपण आधीच सौम्य लिहू लागतो, कारण समोरच्याला काय चालेल हे आपल्याला पाठ झालेले असते. जबाब देणाऱ्याची संमती एकदाच घेऊन भागत नाही. अहवालासाठी दिलेली संमती बंद दाराआडच्या बैठकीला लागू होत नाही आणि बैठकीसाठीची संमती जिनिव्हातल्या भाषणाला लागू होत नाही. संयुक्त राष्ट्रांशी सहकार्य करणाऱ्यांवर होणाऱ्या सूडाच्या कारवायांवर महासचिवांना दरवर्षी स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो, यावरून हा धोका किती खरा आहे ते दिसते. मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा ९ डिसेंबर १९९८ रोजी संमत झाला, तरीही आपल्या शिष्टमंडळासोबत आलेला साक्षीदार घरी परत जातो तेव्हा त्याच्याबरोबर कोणी नसते.

या कामाला लावल्या जाणाऱ्या 'लॉबिंग' या शब्दाचा मात्र बाऊ करू नये. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून माहिती उघड करावी लागते आणि युरोपीय संघाची पारदर्शकता नोंदवही २०११ पासून आहे. त्या नोंदवहीत तेल कंपन्यांबरोबर मानवी हक्क संस्थाही असतात, आणि ते योग्यच आहे. आपण कोणाला भेटलो आणि काय मागितले, हे लपवावेसे वाटू लागले, तर ती मागणी पुन्हा एकदा तपासून पाहावी.

मसुदाकार

तिसरा बाक यांच्याशी माझा वाद नाही, फक्त एक भर घालतो. आतले आणि बाहेरचे काम एकमेकांच्या विरोधात असते, असे त्यांच्या लिहिण्यावरून वाटू शकेल. भूसुरुंगांवरील बंदीचे उदाहरण पाहा. १९९२ मध्ये काही संस्थांनी एकत्र येऊन मोहीम सुरू केली. निःशस्त्रीकरणाच्या सर्वसंमतीने चालणाऱ्या बोलण्यांतून १९९६ पर्यंत संपूर्ण बंदी निघाली नाही, तेव्हा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅनडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, लॉइड ॲक्सवर्दी यांनी, वर्षभरात करार करून सही करायला परत या, असे जाहीर आवाहन केले. डिसेंबर १९९७ मध्ये ओटावात सह्या झाल्या आणि १ मार्च १९९९ रोजी करार लागू झाला. बाहेरचा दबाव नसता तर एखाद्या मंत्र्याला हे धाडस झाले नसते, आणि मसुद्यातली व्याख्या शब्दशः जाणणारी माणसे आत नसती तर त्या व्याख्येत पळवाटा राहिल्या असत्या. संस्थेत ही दोन कामे दोन वेगळ्या माणसांकडे असावीत आणि त्यांनी आठवड्यातून एकदा तरी भांडावे, असे मला वाटते. आमच्याकडे सोमवारी सकाळी ते होत असे.

वाटाड्या

शिक्षण आणि पुढच्या वाटा या राहिलेल्या मुद्द्यांवर थोडक्यात लिहितो.

कायद्याची पदवी आणि पाच वर्षांचे तथ्यशोधन असताना केवळ या पदासाठी दुसरी पदव्युत्तर पदवी घेऊ नये. त्यापेक्षा विधेयक कसे वाचावे, उपसूचना कशी लिहावी आणि अर्थसंकल्पातली एखाद्या आयोगाची तरतूद कशी शोधावी, हे शिकावे. अधिकार असलेला पण तरतूद नसलेला मानवी हक्क आयोग, हे अनेक देशांतले वास्तव आहे आणि अशा आयोगांविषयीच्या १९९३ च्या पॅरिस तत्त्वांत पुरेशा निधीचा मुद्दा याच कारणाने आला आहे. भाषांपैकी जिनिव्हासाठी फ्रेंच आणि आंतर-अमेरिकी (अमेरिका खंडांतील देशांच्या) मानवी हक्क यंत्रणेसाठी स्पॅनिश खरोखर उपयोगी पडतात.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील इंटर्नशिप बिनपगारी असते, हे अनेकांना उशिरा कळते. तरुण व्यावसायिकांसाठीच्या परीक्षेला ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे आणि ती ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच खुली असते, त्यामुळे त्या वाटेचा विचार असेल तर आधी वयाचे गणित मांडावे. संस्थांमधली पदे बहुधा अनुदानाच्या मुदतीला बांधलेली असतात. नवे पद स्वीकारताना त्यामागचे अनुदान किती काळाचे आहे, हे स्पष्ट विचारावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

उद्योगांकडे जाणारी वाटही रुंद झाली आहे. उद्योग आणि मानवी हक्क यांविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे २०११ मध्ये आली आणि फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर मानवी हक्कांबाबत दक्षतेचे कर्तव्य कायद्याने घातले, तेव्हापासून कंपन्यांनाही ही माणसे लागतात. मात्र तिथे 'शासनसंपर्क' या शब्दांचा अर्थ पुष्कळदा अगदी उलटा असतो, म्हणजे कायदा व्हावा म्हणून नव्हे तर तो सौम्य व्हावा म्हणून केलेला संपर्क. जाहिरातीतले पदनाम वाचून भुलू नये.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा बाक यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिता आले नाही.

संस्थेला होकार देताना मी दोन अटी घालायचे ठरवले आहे. प्रत्येक व्यासपीठासाठी कुटुंबीयांची वेगळी लेखी संमती घेतली जावी आणि ती नसेल तर बोलणी थांबवण्याचा अधिकार माझ्याकडे असावा, ही पहिली. आठवड्यातला एक दिवस मला जबाब घेण्याच्या कामासाठी मिळावा, ही दुसरी. दुसरी अट मान्य होईल, पहिलीवर कुरबूर होईल, असा माझा अंदाज आहे.

दरम्यान, मसुदाकार यांनी सांगितल्याप्रमाणे १४० पाने कमी करायला बसले. २,८१५ शब्दांवर अजून आलेली नाही, पण निवृत्त टिपणीकार यांच्या पद्धतीचा एक कागद तयार केला आहे. त्यातली मागणी अशी आहे: "अटक केलेल्या व्यक्तीच्या कुटुंबीयांना योग्य वेळेत माहिती देण्याबाबत सर्व संबंधितांना आवश्यक त्या सूचना निर्गमित कराव्यात." यावर आपले मत कळावे.

निवृत्त टिपणीकार

वाक्य शासकीय झाले आहे, हे खरे, पण जरा जास्तच झाले आहे. 'योग्य वेळेत', 'सर्व संबंधित' आणि 'आवश्यक त्या सूचना' हे तिन्ही शब्दप्रयोग आम्ही काही करायचे नसते तेव्हा वापरत असू. हे वाक्य मी आनंदाने मान्य केले असते आणि दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा २००६ चा करार आहे, त्याचे १७ वे कलम उघडा. अटकेतील व्यक्तींच्या अधिकृत नोंदवहीत काय काय असले पाहिजे, ते तिथे सांगितले आहे: व्यक्तीची ओळख, तारीख, वेळ, ठिकाण, आदेश देणारा अधिकारी. तुमच्या देशाने तो करार स्वीकारला नसला तरी नोंदींची ती यादी उचलायला कोणाची हरकत असत नाही. मग असे लिहा: "प्रत्येक ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने अटकेची वेळ, ठिकाण व आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहून, अटकेपासून ... तासांच्या आत कुटुंबीयांना कळवावे व कळवल्याबद्दल त्यांची सही त्याच नोंदवहीत घ्यावी."

तासांची जागा मी मुद्दाम रिकामी सोडली आहे. तो आकडा तुमच्या जबाबांतून यायला हवा. तुमच्या प्रकरणांत माणसे कितव्या तासानंतर सापडेनाशी झाली, ते मोजा आणि त्याच्या आतला आकडा घाला.

आडवाट

मोजते. एकतीस जबाबांत वेळ नोंदवलेली आहे.